गच्चीवरची जेमिनी

नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे 310 मीटर उंच आहे, आणि झिरो माइलच्या दगडापासून कोणत्याही दिशेला निघालात तरी समुद्र गाठायला एक रात्र गाडीत काढावी लागते. अशा गावातल्या नंदनवनात एका दुमजली घराच्या गच्चीवर एक रबरी होडी कित्येक वर्षं निकालाची वाट पाहत पडली आहे. निकाल कॅप्टनकाकांनी द्यायचा आहे.

काका कॅप्टन कधीच नव्हते. नौदलात ते शिपराइट होते, म्हणजे बोटींचे सुतार. पण आमच्या लेआउटमध्ये ज्यानं समुद्र पाहिला तो कॅप्टन. त्यांच्या एका जुन्या दोस्ताची मुंबईत छोटी शिडाची नौका आहे. ती नांगरलेली असते पाण्यात, त्यामुळे काठावरून तिच्यापर्यंत जायला ही रबरी होडी. नौदलात अशा होडीला जेमिनी म्हणतात. काकाही तेच म्हणतात. काकू तिला ‘ते धूड’ म्हणतात. होडी म्हातारी झाली. डागडुजी करावी की नवी घ्यावी, असा पेच दोस्ताला पडला. काका फोनवर म्हणाले, “पाठव, पाहून सांगतो.”

हे वाक्य काकांनी आजवर ज्या ज्या वस्तूबद्दल उच्चारलं, ती ती वस्तू अजून त्यांच्याकडेच आहे. शेजारच्यांचा मिक्सर आहे, मंदिराचा भोंगा आहे, माझा पंखाही आहे. जेमिनी गुंडाळून विदर्भ एक्सप्रेसनं आली आणि त्यांच्यात सामील झाली.

पहिली तपासणी सोपी असते. हवा भरायची, सांध्यांवर साबणाचं पाणी फिरवायचं, बुडबुडे पाहायचे, आणि होडी रात्रभर तशीच ठेवून सकाळी दाब मोजायचा. काकांनी भर मे महिन्यात दुपारी हवा भरली. तेव्हा पारा 45 वर होता आणि नळ्या ढोलासारख्या वाजत होत्या. पहाटे 28 अंशांत होडीनं मान टाकली. आता ही हवा गळली की नुसती आकसली? काकांनी वहीत गणित मांडलं आणि दाखवून दिलं, की पाव बार दाबाच्या होडीत एवढ्या फरकानं, टाचणीएवढंही भोक नसताना, चौथा हिस्सा दाब कमी दिसतो. म्हणजे तपासणी निकामी. मग पहाटे हवा भरली. दुपारी नळ्या फुटतील या भीतीनं काकांनीच थोडी सोडली. किती सोडली, ते लिहायचं राहिलं.

मग कापडाचा प्रश्न. होडी पीव्हीसीची की हायपेलॉनची? दोहोंचे गोंद वेगळे. एकाचा दुसऱ्याला चालत नाही. काकांनी व्हॉल्व्ह उघडून आत टॉर्च मारला. पीव्हीसी असतं तर आतून चकाकलं असतं. हे मंद, काळपट निघालं. हायपेलॉन! “ड्यूपॉन्टनं 2010 मध्ये बनवणंच बंद केलं हे रबर,” काका खाली येऊन सांगू लागले, आजीच्या पेटीत पुतळ्या सापडाव्यात अशा आवाजात. त्या दिवसापासून भंगाराचा विषय बंद. व्हॉल्व्हचा वॉशर मात्र सापडेना.

बरं, गोंद लावायचा तर हवा हवी माफक उबेची आणि कोरडी. एप्रिल-मेमध्ये ब्रश उचलेपर्यंत सॉल्व्हंट उडून जातो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत ओलीनं जोड पांढुरका पडतो आणि सुटतो. ऑक्टोबरचं ऊन कोण विसरेल! राहिला हिवाळा. त्यातला डिसेंबर अधिवेशनात जातो. काकांचा विधिमंडळाशी काडीचा संबंध नाही. पण मोर्च्यांनी रस्ते अडतात, गोंद आणायला जायचं कसं, हे त्यांचं म्हणणं. जानेवारीत लग्नं. फेब्रुवारीत ऊन “चढून राहिलं”.

खर्चाचा एक सर्वमान्य ठोकताळा आहे: डागडुजी नव्याच्या निम्म्या किमतीवर गेली की नवी घ्यावी. काकाही तो मानतात, फक्त स्वतःच्या मजुरीचा भाव शून्य धरतात. त्यामुळे मागची इंजिनाची फळी उद्या कुजलेली निघाली तरी डागडुजीच स्वस्त पडेल. फळी हातोडीनं ठोकून पाहतात. घट्ट आवाज आला तर लाकूड चांगलं, भद्द आला तर कुजकं. आवाज घट्टच येतो. पण नागपूरच्या उन्हात कुजकं लाकूडही वाळून खोटं बोलत असेल, असा काकांना संशय आहे. म्हणून रोज ठोकतात.

मे 2024 च्या अखेरीला रामदासपेठेतल्या स्वयंचलित केंद्रानं 56 अंश दाखवले आणि देशभर गवगवा झाला. मग हवामान खात्यानं सेन्सरच बिघडल्याचं सांगितलं. काका हळहळले. “आता बदलून टाकतील! माझ्याकडे पाठवा म्हणावं. पाहून सांगतो.”

त्याआधी, 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी वस्त्यांत शिरली आणि पश्चिम नागपुरात खरोखरीच बचाव पथकांच्या रबरी बोटी फिरल्या. गल्लीतली पोरं काकांच्या फाटकाशी जमली. “काका, काढा नं आता जेमिनी!”

“वॉशर नाही,” काका म्हणाले, आणि टीव्हीवर त्या बोटींचे सांधे निरखत बसले. तेव्हापासून नागपुरात बोट कशाला, असं कुणी विचारलं की ते नुसती तारीख सांगतात.

काकूंना तारखेचं कौतुक नाही. “अहो, धूड उचला नं बाप्पा तुमचं. माह्या मुगवड्या का रस्त्यावर टाकू?” असं दोन उन्हाळे म्हणून झालं. तिसऱ्या उन्हाळ्यात त्यांनी होडीतच धुतलेलं लुगडं अंथरलं आणि वड्या टाकल्या. वारा लागत नाही, कडेला नळ्या असल्यानं वड्या घरंगळत नाहीत, शिवाय मांजर रबरावरून घसरतं. लेआउटमधल्या बायका पाहून गेल्या.

यंदा दोस्ताचा फोन आला. त्यानं केव्हाच नवी होडी घेतली होती, संकोचानं सांगितलं नव्हतं. “ती जुनी टाकून दे रे,” म्हणाला, “नवीनंच डोकं खाल्लंय. पीव्हीसीची आहे, दोन वर्षांत सांधे सुटले.”

“पीव्हीसी?” काका ताठ बसले. “पाठव. पाहून सांगतो.”

आतून काकू म्हणाल्या, “येऊ द्या. कुरड्यांले जागा पुरत नव्हतीच.”