जे आधी येईल ते

कोथरूडच्या कुठल्याही जुन्या सोसायटीत शिरा. पार्किंगच्या सगळ्यात चांगल्या, सावलीच्या जागेवर एक जिप्सी उभी असते आणि तिच्याखालून दोन पाय बाहेर आलेले असतात. ते काका.

काका बहुधा पिंपरी-चिंचवडच्या एखाद्या कारखान्यातून, त्यातही क्वालिटी विभागातून निवृत्त झालेले असतात. तीसेक वर्षं ज्याने येणाऱ्या मालावर ‘रिजेक्ट’चा शिक्का मारला, त्याला घरी बसल्यावर नाकारायला फारसं काही उरत नाही. भाजी नाकारली तर काकू ताट उचलतात. मुलगी एकुलती एक, तिने जावई काकांना न विचारताच पास करून आणला. राहता राहिला ऑइल फिल्टर.

जिप्सी बाजारात आली 1985 साली आणि लष्कराने, पोलिसांनी, वनखात्याने ती डोंगरदऱ्यांतून पिटाळली. काकांची जिप्सी मात्र बहुतांशी मंडईपर्यंत जाते. फोर-व्हील ड्राइव्हचा दांडा आहे, पण तो ओढलेला कोणी पाहिलेला नाही. कोरड्या डांबरावर ओढला तर पुढची-मागची चाकं एकमेकांशी झगडतात आणि गिअर आवळून येतात, हे काकांना पक्कं माहीत आहे. चिखलात ओढायला हरकत नसते, पण चिखलात गाडी घाण होते.

दर 5000 किलोमीटरला किंवा सहा महिन्यांनी, जे आधी येईल ते, ऑइल आणि फिल्टर बदलायचा हा काकांचा नेम. काकांच्या गाडीला 5000 किलोमीटर भरायला चार वर्षं लागतात. सहा महिने मात्र वेळेवर येतात. ते आले की काका जुना फिल्टर पिशवीत घालून नाना पेठेत जातात.

नाना पेठ म्हणजे पुण्याचा स्पेअर पार्ट्सचा बाजार. तिथलं गिऱ्हाईक बोलण्यात वेळ घालवत नाही. मेकॅनिकचा पोऱ्या येतो, “जिप्सीचा फिल्टर द्या” म्हणतो, खोकं घेतो आणि पळतो. काका काउंटरवर चष्मा काढून ठेवतात, म्हणजे मुक्काम लांबणार.

“किती मायक्रॉनचा आहे?”

“काका, फिल्टर आहे.”

“ते दिसतंय. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. इंजिनची झीज करणारा कचरा त्याहून कितीतरी बारीक. तो हा अडवणार का?”

दुकानदार शपथेवर सांगतो की अडवणार. काकांचं समाधान होत नाही. मल्टी-पास चाचणी, आयएसओ 4548 चा बारावा भाग, असं काहीबाही ते बोलू लागतात. मागे रांग वाढते. दुकानदार शेवटचा उपाय म्हणून काउंटरवर चार खोकी मांडतो: मारुतीचा ओरिजिनल, बॉश, प्युरोलेटर आणि एक नुसताच पांढरा, ज्याच्या कुळाचा पत्ता नाही.

इथून पुढचा अर्धा तास बघण्यासारखा असतो. काका प्रत्येक फिल्टर तळहातावर तोलतात. भोकातून आत बघतात. भोवतालच्या बारीक छिद्रांतून उदबत्तीची काडी घालून आतली रबरी पडदी दाबून बघतात (काडी घरून आणलेली असते). ही पडदी म्हणजे अँटी-ड्रेनबॅक व्हॉल्व्ह. गाडी बंद केल्यावर फिल्टरमधलं तेल खाली चेंबरमध्ये उतरू नये म्हणून ती असते. ती कडक झाली की सकाळी सेल्फ मारल्यावर इंजिन दोन क्षण कोरडं खडखडतं. साधं रबर उष्णतेने लवकर ताठरतं, सिलिकॉनचं टिकतं. काका रबराचा रंग बघतात, वास घेतात. चव घेतलेली अजून कोणी पाहिली नाही.

मग येतो बायपास व्हॉल्व्ह. फिल्टर कचऱ्याने तुंबला, किंवा थंडीत तेल घट्ट झालं, की हा उघडतो आणि तेल न गाळताच इंजिनकडे जाऊ देतो. कारण गाळलेलं तेल नाही मिळालं तरी इंजिन काही काळ तग धरतं, तेलच नाही मिळालं तर थोड्या वेळात जाम होतं. या व्हॉल्व्हची स्प्रिंग फार नरम असली तर तो उठसूट उघडणार, फार कडक असली तर गरजेला उघडणारच नाही. ही स्प्रिंग बाहेरून तपासता येत नाही, याचं काकांना मनस्वी दुःख आहे.

“1923 साली अमेरिकेत स्वीटलंडने ऑइल फिल्टरचं पेटंट काढलं,” काका सांगतात. “‘प्युअर ऑइल लेटर’ वरून प्युरोलेटर. त्याआधी फोर्डच्या मॉडेल टीला फिल्टरच नव्हता.”

“मग ती चालत नव्हती का, काका?”

हा प्रश्न दर सहा महिन्यांनी येतो आणि काका दर सहा महिन्यांनी त्याच ठिकाणी थबकतात.

पांढरा फिल्टर रिजेक्ट होतो. त्याबद्दल माझी तक्रार नाही. बाजारात नकली माल भरपूर आहे. खोक्यावरची छपाई इतकी हुबेहूब की होलोग्रामही चकाकतो, आणि आत पातळ कागदाच्या मोजक्या घड्या, त्याही डिंकाने जेमतेम चिकटवलेल्या. पण उरलेले तिन्ही चांगले असताना त्यातून एक निवडायला काकांना जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात लोक फ्लॅट बुक करतात. मारुतीच्याच एस्टीमच्या आणि जिप्सीच्या इंजिनचं कूळ एक, म्हणून पूर्वी ते एस्टीमवाल्यांनाही सल्ला द्यायचे. आता एस्टीमवाले उरले नाहीत. ते फिल्टरमुळे गेले नाहीत, हे काकांना पटवणं अवघड.

घरी आल्यावर जुन्या फिल्टरचं शवविच्छेदन होतं. मागे एकदा काकांनी तो हॅक्सॉने कापला. आतल्या कागदाच्या घड्या उलगडल्या, तर त्यांत लोखंडाचा चकचकीत कीस! काकांचा चेहरा उतरला. बेअरिंग गेलं, क्रँक गेला, इंजिन उतरवावं लागणार. काकूंनी सत्यनारायण बोलला. दोन मेकॅनिक बोलावले, दोघांनी इंजिनला कान लावून काही नाही म्हणून सांगितलं. तिसरा पोरगेला होता. त्याने हॅक्सॉ हातात घेतला, फिल्टरचा कापलेला पत्रा बघितला आणि म्हणाला, “काका, हा कीस डब्याचाच आहे.” सत्यनारायण झाला तो झालाच. तेव्हापासून काका डबा उघडायच्या ओपनरने फिल्टर उघडतात आणि काकू दुसरा ओपनर घेऊन आल्या आहेत.

शेजारच्या विंगमधल्या पोराकडे नवी थार आहे, 2020 नंतरची. तो दर पावसाळ्यात ती चिखलात घालतो, दारांपर्यंत माखून आणतो. काका त्याला गेटवर अडवतात.

“फिल्टर कुठला टाकलास?”

“सर्व्हिस सेंटरवाल्यांनी टाकला तो.”

काका काही बोलत नाहीत. मुलाची पत्रिका न बघता लग्न ठरवणाऱ्या बापाकडे बघावं, तसं त्या पोराकडे बघतात.

तरी एका बाबतीत काकांना मानलं पाहिजे. तिसऱ्या मजल्यावरच्यांनी नाक्यावरच्या गॅरेजमध्ये ऑइल बदलून घेतलं. तिथल्या पोऱ्याने जुना फिल्टर काढला, पण त्याची रबरी रिंग इंजिनलाच चिकटून राहिली होती ती पाहिली नाही, आणि नवा फिल्टर त्याच रिंगवर बसवला. एकावर एक दोन रिंगा. गाडी घरी येईपर्यंत तेलाची धार. काका कपड्यांनिशी खाली शिरले, जुनी रिंग बाहेर काढून हातात दिली, नव्या रिंगला तेलाचं बोट लावलं, फिल्टर हाताने फिरवत रिंग टेकेपर्यंत नेला आणि वर पाऊण फेरा दिला. पाना लावला नाही. “पाना काढायला असतो, बसवायला नाही,” एवढंच बोलले. त्या दिवशी ते इतके कमी बोलले की काकूंनी संध्याकाळी बीपी मोजून घेतलं.

जिप्सीचं उत्पादन बंद झाल्याची बातमी आली तेव्हा काकांनी कपाटातला एक खण रिकामा केला. तिथे आता फिल्टर आहेत, खरेदीच्या तारखेनुसार लावलेले, जुना पुढे, नवा मागे. काकूंनी हिशेब केला: वर्षाला दोन, म्हणजे काकांच्या एक्क्याण्णवाव्या वर्षापर्यंतची सोय झाली. शिवाय रबर इतकी वर्षं टिकत नाही, असंही त्या म्हणाल्या. हे ज्ञान त्यांना कुठून मिळालं, हे उघड आहे. काकांनी त्यावर सगळा साठा बदलायचा विचार बोलून दाखवला आणि मग दोन दिवस घरात शांतता होती.

गेल्या दिवाळीत जावयाने इलेक्ट्रिक गाडी आणली. काकांनी तिला प्रदक्षिणा घातली. बॉनेट उघडायला लावलं. इंजिन नाही, इंजिन ऑइल नाही, गेज नाही, फिल्टर नाही. एवढी मोठी गाडी आणि विचारायला एक प्रश्न नाही! फराळाला बसले, चकली हातात तशीच. सगळ्यांना वाटलं, आता काका थकले. जावई बिचारा एसीची थंडी किती छान लागते ते सांगत होता.

काका ताठ बसले.

“एसीला फिल्टर असेल ना?”

“हो, केबिन फिल्टर असतो. का?”

“कुठल्या कंपनीचा?”

जावयाने काकूंकडे बघितलं. काकूंनी शंकरपाळ्यांचा डबा उघडला आणि म्हणाल्या, “सांगून टाका, जावईबापू. नाहीतर उद्या तुम्हाला पण नाना पेठेत नेतील.”