शेवट बदलून मिळेल

दर पन्नास हजार वर्षांनी अवाढव्य यंत्रं येतात आणि आकाशगंगेतल्या सगळ्या प्रगत जीवांची कापणी करून जातात. कशासाठी? तर पुढेमागे या जीवांनी स्वतःच बनवलेल्या यंत्रांनी त्यांचा जीव घेऊ नये म्हणून.

कपाळाला हात लावलात? मार्च २०१२ मध्ये ‘मास इफेक्ट ३’ संपवणाऱ्यांनीही तेच केलं.

कॅनडातल्या एडमंटनच्या बायोवेअर कंपनीची ही तीन भागांची विज्ञानकथा. वाचायची नाही, खेळायची. पहिला भाग २००७ चा, दुसरा २०१० चा, तिसरा २०१२ चा. नायक कमांडर शेपर्ड बाई की बुवा, इथपासून सगळं तुम्ही ठरवायचं. कोणाला वाचवायचं, कोणाला मरू द्यायचं, कोणाच्या प्रेमात पडायचं. पहिल्या भागात दया येऊन सोडून दिलेली किड्यांची राणी तिसऱ्या भागात हिशेबाला हजर. सगळं तुमच्या मर्जीने.

शेवट तेवढा कंपनीच्या.

निर्मितीप्रमुख केसी हडसन आधी सांगत होते की ‘अ’, ‘ब’, ‘क’ असे मोजता येतील तसले शेवट या गेमला नसतील. माणूस शब्दाला जागला. अ, ब, क नव्हतेच. लाल, निळा, हिरवा होते.

अगदी शेवटी प्रकाशाचा एक पोरगा प्रकटतो आणि हे तीन रंग समोर ठेवतो. लाल निवडा, यंत्रं नष्ट. निळा निवडा, यंत्रं तुमच्या ताब्यात. हिरवा निवडा, माणूस आणि यंत्र एकजीव. तिन्ही निर्णय विश्व उलटंपालटं करणारे, आणि तिन्हींनंतर पडद्यावर जवळजवळ तेच. तोच स्फोट, तीच लाट, तेच जीव घेऊन पळणारं शेपर्डचं नॉर्मंडी जहाज. बदलतो तो उजेडाचा रंग. पाच वर्षं जमवलेल्या निर्णयांची बेरीज रंगपंचमी!

मग खेळाडू भडकले.

एकाने थेट अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनकडे तक्रार ठोकली. जाहिरातीत एक, डब्यात भलतंच. साबणाच्या वडीबद्दल करतात तशी तक्रार, शोकांतिकेबद्दल.

काही जण रसिक निघाले. त्यांनी बायोवेअरच्या कचेरीत ४०२ कपकेक पाठवले. वरचं क्रीम लाल, निळं, हिरवं. चव सगळ्यांची एकच, व्हॅनिला. त्या वर्षी या विषयावर रकानेच्या रकाने टीका छापून आली. यापेक्षा चांगली समीक्षा मला त्यात दिसली नाही.

कंपनीने ते केक न खाता गरजू तरुणांच्या निवाऱ्याला देऊन टाकले. टीका पचवायची ही पद्धत आपल्याकडेही यायला हरकत नाही.

आंदोलकांनी आजारी मुलांसाठी काम करणाऱ्या ‘चाइल्ड्स प्ले’ या संस्थेसाठी निधीही उभारला. ऐंशी हजार डॉलरच्या आसपास जमले. चांगलं झालं ना? थांबा. ही नव्या शेवटाची वर्गणी आहे, असा काही दात्यांचा समज झाला. मग पैसे परत मागणं आलं. संस्थेने हात जोडून निधी बंद करायला सांगितलं.

पुण्य हवं होतं, पण पावतीसह.

शेवटी बायोवेअरचे सहसंस्थापक रे मुझिका यांनी खुलं पत्र लिहिलं. हे गृहस्थ मूळचे वैद्यकीय डॉक्टर. रोग्याच्या नातेवाइकांशी बोलावं तसं पत्र होतं: तुमच्या भावना समजतात, आमचा आमच्या कामावर विश्वास आहे, तरीही काहीतरी करू. २६ जूनला वाढीव शेवट आला. फुकट.

‘शोले’चा शेवट सेन्सॉरने बदलायला लावला होता. इथे गिऱ्हाइकाने. कोणाच्या धाकाने बदललेला शेवट जास्त कलात्मक, यावर परिसंवाद भरवायला हरकत नाही.

दुरुस्ती तरी कशी? लंडनच्या शेवटच्या चढाईत सोबत धावणारे मित्र काही मिनिटांनी जहाजात कसे पोचतात, हा खेळाडूंचा रास्त प्रश्न होता. म्हणून नवा प्रसंग घातला. हार्बिंजर नावाचं महाभयंकर यंत्र समोर दिसेल त्याची राख करतंय, आणि त्याच्या नाकासमोर नॉर्मंडी उतरतं. जखमी चढतात. निरोप होतात. डोळे पाणावतात. हार्बिंजर तोवर थांबतो.

संस्कारी यंत्र आहे हो.

तिन्ही रंग नाकारायची सोयही याच दुरुस्तीत मिळाली. नाकारलं की सगळे मरतात आणि यंत्रांचा पराभव पुढच्या युगातले जीव करतात. तुम्ही सोडून. नाराज ग्राहकाला याहून स्वच्छ उत्तर कोणत्या कंपनीने दिलंय?

खेळाडू तरी गप्प बसतात थोडेच! त्यांनी स्वतःचे शेवट लिहिले. सगळ्यात गाजलेला तर्क असा की लंडनमध्ये शेपर्ड कोसळला तेव्हापासूनचं सगळं भास आहे. यंत्रं त्याच्या मेंदूचा ताबा घेताहेत, लाल रंग निवडला तरच तो शुद्धीवर येतो. पुरावे ढीगभर: स्वप्नातली झाडं, गोळ्या न संपणारं पिस्तूल, लाल शेवटानंतर ढिगाऱ्यात घेतलेला तो एक श्वास. म्हणजे लेखकाचा गलथानपणा हीच लेखकाची थोर योजना! इतकी श्रद्धा लेखकाच्या घरच्यांचीही नसते.

दुसऱ्याने गेममध्येच कात्री चालवली. त्याच्या आवृत्तीत तो रंग वाटणारा पोरगा येतच नाही, यंत्रं मरतात, शेपर्ड वाचतो, मित्र भेटतात. आकाशगंगेची राखरांगोळी झालीय, पण शुभमंगल चुकता कामा नये.

पहिल्या भागाचे लेखक ड्र्यू कार्पिशिन नंतर म्हणाले की विश्वात वाढत चाललेल्या कृष्ण ऊर्जेशी कापणीचा संबंध जोडायची एक कल्पना होती, ती पुढे गेली नाही. झालं! हाच खरा शेवट होता, असा गजर सुरू. न लिहिलेल्या शेवटाचं बरं असतं. त्याला कोणी कपकेक पाठवत नाही.

मग आम्हीच का मागे राहायचं?

गॅरस नावाचा एक सोबती आहे. कधीही बोलायला जा, तो तोफेचं कॅलिब्रेशन करत असतो. दुसऱ्या भागातही तेच, तिसऱ्यातही. माझ्या शेवटात ते पूर्ण होतं. एक गोळा, खेळ खलास. किंवा आकाशगंगेचा कारभार पाहणारं कौन्सिल घ्या. दुसऱ्या भागात त्यातला एक सभासद हवेत बोटं वाकवून या यंत्रांचं ‘रीपर’ हे नाव घेतो आणि असलं काही अस्तित्वातच नाही, असा निर्वाळा देतो. माझ्या शेवटात यंत्रं त्याच्या सभागृहात शिरतात आणि तो चौकशी समिती नेमतो. समितीला मुदतवाढ मिळते. पन्नास हजार वर्षं.

चेष्टा पुरे. दुखणं वेगळंच आहे.

शेपर्डने बंदुकीपेक्षा जिभेने मोठे शत्रू मारले. पहिल्या भागातला सारेन घ्या. नेमकं बोललात तर तो स्वतःच स्वतःला गोळी घालून घेतो. तिसऱ्या भागात इल्युझिव्ह मॅनलाही बोलून बोलून तिथवर नेता येतं. आणि त्यानंतर काही मिनिटांत तो प्रकाशाचा पोरगा येऊन सांगतो की यंत्रं आणि त्यांचे निर्माते कधीच एकत्र नांदणार नाहीत.

अरे, नांदताहेत की! रॅनॉक ग्रहावर क्वेरियन आणि त्यांनीच बनवलेले गेथ, तीनशे वर्षांचं वैर. नीट खेळलात तर तुम्ही स्वतः तो समेट घडवलेला असतो, काही तासांपूर्वी. जहाजाचा चालक जोकर जहाजाच्याच संगणकबुद्धीच्या प्रेमात आहे. त्या क्षणी खिडकीबाहेर गेथ आणि क्वेरियनांची जहाजं एकाच बाजूने लढताहेत.

“पोरा, जरा बाहेर बघ,” एवढंच म्हणायचं होतं. एवढंच बटण नव्हतं.

शेकडो संवादांतून वाट काढणारा माणूस ऐन वेळी मान डोलावतो आणि रंग निवडतो. जूनच्या दुरुस्तीत त्याला शंका विचारायची मुभा मिळाली, पोराने शंकासमाधान केलं. पण शंका विचारणं निराळं आणि तोंडावर खोटं पाडणं निराळं. खोटं पाडलं असतं तर? पोरगा निरुत्तर झाला असता, आणि त्याच्या मागोमाग लेखक.

पुढचा पेच आणखी मजेचा. तीन शेवटांतला खरा कोणता, हे ठरवल्याशिवाय पुढची गोष्ट सांगता येईना. २०१७ मध्ये बायोवेअरने ‘अँड्रॉमेडा’ काढला. त्यातली मंडळी तिसरा भाग सुरू होण्याआधीच निघालेली, पोचतात सहाशे वर्षांनी, दुसऱ्याच आकाशगंगेत. शेवट निस्तरता येईना, म्हणून गाव सोडलं!

आता पुन्हा जुन्या गावाकडे वळायचं चाललंय. नव्या भागाच्या २०२० च्या झलकेत शेपर्डची जुनी सोबतीण लियारा बर्फातून चालत येते आणि शेपर्डच्या चिलखतासारखा एक तुकडा उचलते. हिरव्या शेवटात सगळ्यांचे डोळे हिरवे चमकतात. तिचे चमकत नाहीत.

म्हणजे हिरवा बाद दिसतोय. निळेवाल्यांनीही तक्रारअर्ज लिहायला घ्यावा, बेकरीला ऑर्डर नंतर देता येईल.