सोबत जोडलेला वडापाव

शहाडच्या उड्डाणपुलाजवळ आमची सोसायटी आहे. तिसऱ्या मजल्यावर जर्मल नाना राहतात. अॅल्युमिनियमच्या पातेल्याला आपल्याकडे पूर्वापार 'जर्मल' म्हणतात, त्यामुळे जर्मन भाषेचा ध्यास घेतल्यावर नानांना हे नाव चिकटायला वेळ लागला नाही.

नाना वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात खरेदी खातं बघतात. तिथलं एक मशीन जर्मनीचं, सुटे भाग तिकडूनच येतात. पत्रव्यवहार इंग्रजीत सुखाने चालला होता. पण मालकाच्या चिरंजीवांनी तिकडे पाठवलेली, 'हाय'ने सुरू झालेली मेल एकदा नानांच्या नजरेला पडली आणि त्यांचं डोकं उठलं. नाना 'ती. बाबांस सा. न. वि. वि.' लिहीत मोठे झालेले. बिनमायन्याचं पत्र म्हणजे त्यांच्या लेखी बनियनवर लग्नाला जाणं. तेवढ्यात त्यांना कळलं, की जर्मन माणूस अजून मायना सांभाळतो. पत्र कोण वाचणार ठाऊक नसेल तर 'झेअर गेएर्टे डामेन उंट हेरेन', म्हणजे सन्माननीय स्त्री-पुरुषहो. शेवटी 'मिट फ्रॉइंटलिशेन ग्रूसेन'. घाई असेल तर त्याचं नुसतं 'एमएफजी'. म्हणजे सानविवि तिकडेही होतं! नाना हरखले आणि त्यांनी दोनशे पानी वही घातली.

सकाळच्या टिटवाळा लोकलमध्ये भजनी मंडळाला खेटून ते घोकायचे. टाळांच्या ठेक्यात आभाराचं 'फीलेन डांक' इतकं चपखल बसे, की एका टाळकऱ्याने ते चक्क मागून धरलं. घरीही तीच गत. मायन्यानंतर स्वल्पविराम द्यायचा आणि पुढची ओळ स्मॉल अक्षराने सुरू करायची, हा जर्मन नियम त्यांनी सोसायटीच्या सेक्रेटरीला पाण्याच्या नोटिशीवरून ऐकवला. नोटीस मराठीत होती.

पंचाईत एकच. नाना जर्मनमध्ये लिहीत आणि जर्मनीहून उत्तर इंग्रजीत येई. नेटाने, दर वेळी. मग एका ऑगस्टात संपूर्ण जर्मन पत्र आलं. नानांनी प्रिंट काढून बिल्डिंगभर फिरवली, काकूंनी ती देवापुढे ठेवायची तेवढी बाकी होती. शब्दकोश उघडल्यावर कळलं, की तिकडे पत्रव्यवहार बघणाऱ्या बाई रजेवर आहेत आणि हे संगणकाने आपसूक धाडलेलं उत्तर आहे. नानांनी त्याचेही रीतसर आभार मानले.

2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हा 'सरकार आता जागं झालं' असं नाना जिन्यात म्हणाले. काळा घोड्याच्या मॅक्सम्युलर भवनात रीतसर शिका, असं पोरांनी सुचवलं. पण तिथे बोलायला लावतात. नानांचं बोलण्याशी काही काम नव्हतं.

काम पडलं ते मशीन दुरुस्त करायला खुद्द जर्मन इंजिनीअर आला तेव्हा. एकटाच होता. नाना पुढे झाले, हात जोडले आणि म्हणाले, "झेअर गेएर्टे डामेन उंट हेरेन." त्याने वळून मागे पाहिलं. मग तो भराभर काहीतरी बोलला. नानांच्या वहीत त्याला उत्तर नव्हतं. हातात वडापावची बशी होती, ती पुढे करून नानांनी होतं नव्हतं ते सगळं अवसान गोळा केलं: "इम आनहांग फिंडेन झी वडापाव." सोबत जोडलेला वडापाव पाहावा! त्याने पाहिला, खाल्ला, आणखी दोन मागवले. डोळ्यांतलं पाणी हसण्याचं की लसणीच्या चटणीचं, हे कारखान्यात कोणी ठामपणे सांगू शकत नाही.

परत गेल्यावर त्याने नानांना मेल पाठवली. जर्मनमधून, स्वतःच्या हाताने. सुरुवात 'हालो नाना', शेवटी नुसतं 'एलजी'.

"टीव्ही विकतोय का हा?" नातवाने विचारलं.

सस्नेह नमस्काराच्या 'लीबे ग्रूसे'ची ती अशी दोन अक्षरांत बोळवण बघून नाना कष्टी झाले. त्याच रात्री त्यांनी उत्तर धाडलं, 'झेअर गेएर्टर हेअर'पासून 'मिट फ्रॉइंटलिशेन ग्रूसेन'पर्यंत, एक अक्षर न गाळता.

"त्यांचंच आहे ते," काकूंना म्हणाले, "पण कोणीतरी सांभाळायला हवं ना!"