मुदत मृगाची हवी, चतुर्थीची नको

मुंबई-गोवा महामार्गावरचे खड्डे कधी बुजवायचे, हे दरवर्षी गणपतीवरून ठरते. जुलै सरत आला की पाहणी दौरे सुरू होतात, मंत्री खड्ड्याच्या कडेला उभे राहून अधिकाऱ्यांना झापतात आणि गणपतीपूर्वी रस्ता खड्डेमुक्त करण्याची घोषणा होते. माझा आक्षेप या मुदतीलाच आहे. ती मुळात चुकीची आहे आणि तिची किंमत सगळ्यात आधी मोटरसायकलवाला मोजतो.

डांबराचे आणि पाण्याचे वैर आहे. रस्त्याला बारीक भेग पडते, तिच्यातून पाणी आत मुरते, वरून ट्रकचे चाक गेले की दाबाखालचे ते पाणी खडीवरचे डांबर सोडवते. खडी सुटते, खड्डा पडतो. भर श्रावणात त्याच ओल्या खड्ड्यात नवे डांबर ओतले, तर ते धरणार कशाला? मग मुरूम आणि खडी टाकतात, नाहीतर पेव्हर ब्लॉक बसवतात. दोन जोरदार सरी आल्या की मुरूम वाहून जातो, खडी रस्ताभर पसरते, ब्लॉक डुगडुगू लागतात. मोटारीला तिथे गचका बसतो. दुचाकीचे पुढचे चाक त्या सुट्या खडीवरून घसरते, आणि मागून कंटेनर येत असतो.

वडखळ सोडल्यापासून नागोठणे, कोलाड करत माणगाव गाठेपर्यंतचा पट्टा रात्री, पावसात मोटरसायकलवरून काढावा लागतो, तेव्हा या रस्त्याचे खरे रूप कळते. काँक्रीटची नवी मार्गिका छान चाललेली असते आणि एकाएकी संपते. डायव्हर्जन. जुन्या डांबरी रस्त्यावर उतरायचे, आणि दोन्हींच्या पातळीत वीतभर फरक. कडेला उभ्या केलेल्या पिंपांवरची चकाकती पट्टी चिखलाने माखलेली. समोरचा अप्पर मारत येतो, हेल्मेटच्या काचेवरच्या थेंबांत तो उजेड फुटतो आणि क्षणभर काहीच दिसत नाही. नेमकी तेव्हाच ती कड येते. तिरक्या चाकाने तिच्यावर गेलात तर गाडी आडवी झालीच म्हणून समजा. वेग आधीच मारायचा, हँडल आवळून न धरता कड होईल तितकी सरळ ओलांडायची आणि तिच्यावर असताना पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही. नेहमीच्या लोकांना हे अंगवळणी पडले आहे. वर्षातून एकदा गावाला निघालेल्याला ते कोण सांगणार?

आणि निघतात ते हौसेने नव्हे. कोकण रेल्वेचे गणपतीतले आरक्षण खिडकी उघडताच संपते, एसटी भरलेली असते, खासगी बसचे भाडे परवडत नाही. मग नालासोपाऱ्याचा, दिव्याचा माणूस सव्वाशे सीसीच्या गाडीवर मागे बायको, मध्ये पोर आणि टाकीवर पिशवी घेऊन चिपळूण, संगमेश्वर, थेट कणकवलीला निघतो. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, त्यांतली ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. रस्ता दुरुस्त करताना आधी विचार त्यांचा व्हायला हवा. होतो तो मंत्र्यांच्या ताफ्यातल्या गाड्यांना बसणाऱ्या गचक्यांचा.

आपली मुले मोटरसायकलवर लडाखला जातात, झोजिलाचा चिखल आणि पांगच्या अलीकडचे खडकाळ चढ पार करून येतात. त्याचे मला कौतुक आहे. पण तिथली अवघड वाट हिमालयाने केलेली आहे, बर्फ दरवर्षी रस्ता खातो आणि सीमा रस्ते संघटनेची माणसे तो दरवर्षी उभा करतात. आपल्या महामार्गावर पळस्पे ते इंदापूर ना बर्फ आहे ना हिमनदी. ८४ किलोमीटरचा हा टप्पा, काम सुरू झाले २०११ साली, आणि २०२५ च्या गणपतीतही त्याला लागूनची इंदापूर-माणगावची बाह्यवळणे अपुरीच होती. इथली अवघड वाट माणसांनी केली आहे. कोकण रेल्वे नव्वदच्या वर बोगदे खोदून १९९० ते १९९८ या काळात पुरी झाली, हेही याच कोकणाने पाहिले आहे.

‘पावसाच्या आधी होत नाही’ असे मला कुणी सांगू नये. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला, दोन एसटी बसगाड्या प्रवाशांसह पुरात गेल्या. त्यानंतर नवा पूल किती दिवसांत उभा राहिला? पुढच्या जूनच्या पहिल्या आठवड्यात त्यावरून वाहतूक सुरू झाली. मृग लागण्याआधी. याच महामार्गावर.

तेव्हा मुदत मृगाची, ७ जूनची ठेवा. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात डांबराचे काम उरका, गटारे आणि मोऱ्या साफ करा, म्हणजे पाणी रस्त्यावर थांबणार नाही. जिथे काँक्रीट संपते तिथे कड तशीच न सोडता उतार द्या. डायव्हर्जनच्या शंभर-दोनशे मीटर आधीपासून रात्री दिसतील असे फलक लावा आणि ते आठवड्याला पुसायची जबाबदारी ठेकेदाराच्या करारात लिहा. पेव्हर ब्लॉकने खड्डा बुजवणे महामार्गावर बंद करा. यातल्या एकाही कामाला नवे भूसंपादन लागत नाही, वनखात्याची परवानगी लागत नाही, न्यायालयाच्या तारखेची वाट पाहावी लागत नाही. ७ जूनच्या संध्याकाळी कोणत्या किलोमीटरवर काय झाले आणि काय राहिले, त्याची यादी रायगड आणि रत्नागिरीच्या जिल्हाधिकारी कार्यालयांबाहेर लावा. गणपतीला गावी जाणारे ती वाचतील.