मोजणीकाका

साताऱ्यात राहणाऱ्या आईबापांची एक अडचण आहे. पुणे आणि कोल्हापूर या दोन्हींच्या मधोमध आम्ही. विद्यापीठाच्या कागदावर जिल्हा कोल्हापूरकडे, पोरांचं मन पुण्याकडे, आणि आमच्या गल्लीत निकाल मोजणीकाकांकडे.

काका भूमि अभिलेख खात्यातून भूकरमापक म्हणून निवृत्त झाले. भावाभावांच्या भांडणात बांधावरून साखळी ओढण्यात जन्म गेला. आता बांधावर कोणी बोलावत नाही, म्हणून ते विद्यापीठं मोजतात. गल्लीतलं एखादं पोर पदवीच्या शेवटच्या वर्षाला आलं, की काका पिशवी भरतात. टेप, जुनं फिल्डबुक, पाण्याची बाटली आणि पाव किलो कंदी पेढे. पेढे कुलगुरूंसाठी नसतात, वॉचमनसाठी असतात. माहितीपुस्तिकेत जे छापत नाहीत ते वॉचमनला पाठ असतं, असा काकांचा अनुभव आहे. हॉस्टेलला दुपारी दोन वाजता पाणी असतं का, शेवटची बस किती वाजता, मुली रात्री लायब्ररीतून कुठल्या वाटेने येतात, हे सगळं दोन पेढ्यांत बाहेर येतं.

आमच्या धाकटीला वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करायची होती. मी म्हटलं, आधी अभ्यासक्रम बघू, शिकवायला कोण आहे ते बघू. बांध कोरणाऱ्या शेजाऱ्याकडे बघावं तसं काकांनी माझ्याकडे बघितलं.

“मास्तर रिटायर होतात हो. जमीन होते का?”

“काका, नॅकची श्रेणी तरी?”

“पाहुणे यायच्या दिवशी कुणाचं घर अस्वच्छ असतं?”

विषय संपला. पहाटेच्या एस.टी.ने पुणे.

गणेशखिंडीच्या फाटकातून आत शिरल्यावर काका पुटपुटले, “४११ एकर.” मुख्य इमारतीसमोर उभे राहून त्यांनी धाकटीला सांगितलं, की हा मुंबईच्या गव्हर्नरचा बंगला. बांधायला घेतला १८६४ साली, साहेब पावसाळ्यात इथे राहायला यायचा. विद्यापीठ आलं १९४९ साली. “म्हणजे वहिवाट कुणाची, कब्जा कुणाचा, सगळं स्वच्छ आहे.” मग ते वडांकडे वळले. वड किती जुना हे त्यांना बघायचं नव्हतं. सावली किती बाजूंना पडते आणि तिच्यात किती पोरं पुस्तक घेऊन बसलीत, हे बघायचं होतं. जयकर ग्रंथालयाबाहेर त्यांनी चपला मोजल्या. आत माणसं मोजण्यापेक्षा हे सोपं, आणि कोणी हटकत नाही. मी तिथे होतो म्हणून सांगतो, त्यांचा आकडा वाचनकक्षातल्या आकड्याशी जुळला असता की नाही कोण जाणे, पण धाकटीने आयुष्यात पहिल्यांदा एखादं ग्रंथालय बाहेरून इतकं लक्षपूर्वक पाहिलं.

नोटीसबोर्डावर तर त्यांचा खास डोळा. ते नोटीस वाचत नाहीत, खालची तारीख वाचतात. सगळ्यांत वरची नोटीस महिन्यापूर्वीची असेल तर तो विभाग त्यांच्या लेखी पडीक जमीन.

मुंबईला जायचं काही कारण नव्हतं. तिथलं राहणं आम्हाला परवडणार नाही हे घरात सर्वांना माहीत होतं. पण तुलनेला तिसरं माप हवं म्हणून गेलो. फोर्टात राजाबाई टॉवरखाली काकांची मान २८० फूट वर गेली ती बराच वेळ खाली येईना. प्रेमचंद रायचंदांनी पैसे दिले आणि आईचं नाव मनोऱ्याला दिलं, हे ऐकून त्यांनी धाकटीला विचारलं, “तुझा बाप तुझ्या आजीच्या नावाने काय बांधणार?” मी रस्त्याकडे बघितलं. विद्यापीठाचं स्थापनावर्ष १८५७. “तिकडे बंड, इकडे परीक्षेची तयारी. साहेब पक्का.” बाकी सगळं कलिन्यात आहे म्हटल्यावर काकांनी फिल्डबुक मिटलं. दोन तुकड्यांत विभागलेला सातबारा त्यांना जन्मात आवडला नाही.

छत्रपती संभाजीनगरला मात्र काका वेगळे वागले. विद्यापीठ १९५८ सालचं, मागे डोंगरात लेणी. काकांना खूश करायला एवढं पुरे होतं. पण ते गेटपाशीच थांबले. चपला काढल्या, हात जोडले. टेप पिशवीतून बाहेर आलाच नाही. “नामांतराचा ठराव १९७८ चा, नाव लागलं १९९४ ला,” ते परतीच्या गाडीत म्हणाले. “आमच्या कचेरीत तारखा पडायच्या, तेव्हा आम्ही हसायचो.” त्यापुढे शिरूरपर्यंत ते बोलले नाहीत.

नागपूरला १९२३ पासून विद्यापीठ आहे, पण आम्ही मे महिन्यात निघणार म्हटल्यावर काकांनी ते नकाशावरच मोजलं.

आणि शेवटी कोल्हापूर. अश्वारूढ महाराजांना नमस्कार करून काका जे उठले, ते आमच्या हाती लागेनात. ८५३ एकर! पुण्याच्या दुपटीहून वर ३१. त्यांनी जागेवर गुंठे काढले, ३४,१२०. १९६२ सालच्या विद्यापीठाची मोजणी आपणच पहिल्यांदा करतोय अशी कळा त्यांच्या तोंडावर होती. उन्हात पाय ओढत धाकटीने विचारलं, “काका, यातले मला किती गुंठे मिळणार?”

काका थांबले. डोळे मिटून हिशेब केला. एक साखळी तेहेतीस फूट, साखळी बाय साखळी म्हणजे गुंठा, गुंठ्याचे आणे सोळा. “खाट, टेबल, कपाट धरून एक आणा.”

परतताना उसाच्या रसाच्या गाड्यावर त्यांनी एक गोष्ट सांगितली, तीही ग्लासात बघत. त्यांची स्वतःची बी.ए. याच विद्यापीठाची, बहिःस्थ. परीक्षा साताऱ्यात दिली, पदवी पोस्टाने आली. हे आवार त्यांनी पाहिलं ते निवृत्तीनंतर, शेजारच्या पोराच्या प्रवेशासाठी.

धाकटीचं नाव दोन्ही याद्यांत लागलं. तिने कोल्हापूर घेतलं, तिथल्या वनस्पती उद्यानासाठी. काका मात्र गल्लीत सांगतात, ४४२ एकरांनी जिंकलं.

वर्ग सुरू व्हायला अजून आठ दिवस आहेत. काका कालच जाऊन आले. वसतिगृहाच्या फाटकापासून कँटीनपर्यंत जाताना ३१० पावलं, येताना ३२८. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलंय: जेवण पोटभर मिळते.