फियाटचा जीर्णोद्धारक

जुन्या गाडीचा जीर्णोद्धारक ही जमात मालवण किनाऱ्यावर बहुधा निवृत्तीनंतर उदयाला येते. माणूस मुंबईतली नोकरी आटोपून गावी परततो, वर्षभर माडाच्या झावळ्या मोजतो आणि एके दिवशी टेम्पोत घालून प्रीमिअर पद्मिनी घेऊन येतो. गाडी टेम्पोतून आली, यातच शेजाऱ्यांना पुढचं सगळं कळतं. मागच्या पडवीत ती चार चिऱ्यांवर चढते, वर निळी ताडपत्री पडते, चाकं माळ्यावर जातात. त्यानंतर ‘चालू आहे का’ असं विचारायचं नसतं. ‘काम खंयपर्यंत इला?’ एवढंच विचारावं. उत्तर ठरलेलं असतं, ‘गणपतीक काढतलंय.’ कुठल्या वर्षीच्या गणपतीला, हे सभ्य माणूस विचारत नाही.

गाडीची कुळकथा त्याला तोंडपाठ असते. वालचंद हिराचंदांच्या प्रीमिअर कंपनीने कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डी बनवली आणि सत्तरच्या दशकात तिचंच नाव पद्मिनी झालं. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगला हँड गिअर. मनातून त्याला हवी होती तिच्या आधीची डुक्कर फियाट, पुढची दारं उलटी उघडणारी. ती परवडली नाही हे तो दुसऱ्या चहानंतर कबूल करतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सीने निरोप घेतला, तेव्हा आता हिचा भाव चढणार असं त्याने घरात जाहीर केलं. त्याच्या वहीनुसार चढले ते सुट्या भागांचे.

त्याचा वैरी म्हणजे अस्सलवाला. हा कुडाळ-सावंतवाडीकडचा, खिशाने बरा. त्याने घाटावरून एकाच मालकाने वापरलेली, कंपनीच्या रंगातली गाडी रोख मोजून आणलेली असते. ‘बनवलेली गाडी’ हे शब्द तो तोंड वाकडं करून उच्चारतो. त्याच्या खिशात रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक असतं. दुसऱ्याच्या गाडीला मायेने थोपटल्यासारखं करून तो ते रुमालासकट मडगार्डच्या कडेला आणि दाराच्या खालच्या अंगाला टेकवतो. धरून राहिलं तर पत्रा, घसरलं तर लांबी. घसरलं की तो काही बोलत नाही, फक्त रुमालाची घडी घालतो. भांडण इथूनच सुरू होतं.

या भांडणात जीर्णोद्धारकाचं म्हणणं वाटतं तितकं लंगडं नाही. पद्मिनीला वेगळी चासी नाही. पत्र्याचा सांगाडाच सगळा भार वाहतो. जीपचं बरं असतं, चासी शाबूत असली की वरचा पत्रा कितीही वेळा बदला. इथे दाराखालच्या पोकळ पट्टीत पावसाचं पाणी साचतं, वर समुद्राचा खारा वारा, आणि गंज आतून खात येतो. बाहेर रंगाला फोड दिसेपर्यंत आत पत्रा उरलेला नसतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या या किनाऱ्यावर पन्नास वर्षांची अस्सल गाडी टिकेल कशी? म्हणून तो अस्सलवाल्याला सुनावतो, ‘तुझी गाडी दोन पावसाळे मालवणात ठेय आणि मगे तो लोहचुंबक घेवन ये.’ हे त्याचं सर्वांत खरं वाक्य. बाकीची हिशेबाविषयी असतात.

हिशेब असा: गाडी स्वस्तात मिळते, मग ब्लॉक बोअर करायला फोंडा घाट चढून कोल्हापूरच्या उद्यमनगरात जातो, बंपर निकेलला जातात, काचेची रबरं मुंबईच्या चोरबाजारातून येतात आणि दोन महिन्यांनी कळतं की ती अँबॅसॅडरची होती. एवढ्या पैशात अस्सलवाल्याची गाडी येऊन वर एक चेतक आली असती, हे घरच्यांनी केव्हाच मांडून दाखवलेलं असतं. पण विकतची गाडी एका दिवसात दारात येते, आणि मग संध्याकाळी पडवीत मिस्त्रीबरोबर बसून कार्बोरेटर रॉकेलमध्ये धुण्याला निमित्त काय उरतं?

इंजिन पहिल्यांदा सुरू करायच्या दिवशी गाऱ्हाणं होतं. गावातला जाणता नारळ हातात घेऊन देवाला साकडं घालतो, की ह्या लेकराची गाडी एका सेल्फात सुरू होवंदे, भंगारवाल्याची नदर पडान नको. मंडळी ‘होय म्हाराजा’ म्हणतात. गाडी बहुधा ढकलूनच सुरू होते. अस्सलवाला ढकलायला सर्वांत पुढे असतो, हे नोंदवायला हवं.

कायद्याने मात्र अस्सलवाल्याची बाजू घेतली आहे. केंद्राच्या २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात राखलेल्या गाडीला विंटेज म्हणून ‘व्हीए’ मालिकेतला नंबर मिळतो. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झाला असेल तर मिळत नाही. जीर्णोद्धारक हे ऐकून खचत नाही, कारण व्हीए नंबरची गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. बांगडे आणायला बाजारात जायचं तर साधा एमएच-०७ च बरा. मुलगे यात पडत नाहीत. गाडी त्यांच्या नावावर झाली की ते फोटो काढून विक्रीची जाहिरात देतात आणि तिच्यात ‘ओरिजिनल कंडिशन’ असं लिहितात.