गळक्या टाकीचा अर्ज

भडगावात पाण्याची टाकी गळली तर नगरपरिषदेत अर्ज देता येतो. व्हेपची गळली तर अर्ज कुणाच्या नावाने लिहायचा? नुकतीच बिडी सोडलेले भाऊ जुन्या सवयीने गाल आत ओढून झुरका मारतात. कॉइलमध्ये नको तेवढं द्रव शिरतं आणि तापलं की उकळून थेट जिभेवर उडतं. उरलेलं हवेच्या छिद्रातून सदऱ्याच्या खिशात उतरतं. त्यात खानदेशचा मे महिना, म्हणजे द्रव आणखी पातळ.

उपाय सोपे आहेत : झुरका सावकाश घ्या, रबरी रिंग तपासा, टाकी काठोकाठ भरू नका. पण रिंग आणायची कुठून? २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेट विकणंच काय, साठवणंही गुन्हा. विकणाऱ्याला पहिल्याच खेपेला १ वर्षापर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. बिडीचा कट्टा मात्र टपरीवर राजरोस मिळतो, वर कर्करोगाचं चित्र फुकट. थोडक्यात, सोडणाऱ्याने चोरून गळती काढावी आणि ओढणाऱ्याने कायदेशीर खोकावं.

औषधाच्या दुकानात निकोटिनचं च्युइंगगम मिळतं. ते गळत नाही, उडत नाही, धूरही काढत नाही. मग चारचौघांत रुबाब कसा पडणार?